अर्धवट कोर्स

पवनी हे तटबंदीचं गाव. तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. जुन्या काळी शत्रूला आत शिरायचं तर केवढा खटाटोप करावा लागत असेल, असं किल्ल्याच्या दरवाजाखालून जाताना माझ्या नेहमी मनात येतं. आताच्या शत्रूला तसलं काही लागत नाही. तो नागपूरहून एसटीनं येतो, खिडकीची जागा धरतो, उमरेडला चहा पितो, भिवापूरला चार वेळा शिंकतो आणि पवनीला उतरून थेट आमच्या ओसरीवर येऊन बसतो. त्याला घशात घालून आणणारा माझा पुतण्या मात्र शत्रू नव्हे. तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

या दिवाळीला तो आला तोच घसा धरून. ओसरीवर बसला आणि एकदा शिंकला. बस्स. आमच्या गावात शिंक ही खाजगी गोष्ट नाही.

आमच्या गावचा गणपती पाच तोंडांचा आहे. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याचं नाव घेतात. पाच तोंडं असूनही त्यानं आजवर कुणाला औषध सांगितल्याचं ऐकिवात नाही. आम्ही गावकरी एकेका तोंडाचे. पण पाहुणा शिंकला की पाचांचं काम एकटे करतो. पूर्वी हळदीचं दूध, आल्याचा काढा, ओव्याची धुरी सांगायचे. आता माया तीच आहे, फक्त काढ्याच्या जागी मिलिग्रॅम आलेत.

दूधवाला कॅन खाली ठेवून म्हणाला, "अझी मार ना बापा, पाचशेची. तीन दिवसांत साफ."

पानठेलेवाला रस्त्यावरूनच म्हणाला, "अझीनं आता काही होत नाही जी. त्याच्यावरची घ्या लागते."

शेजारचे निवृत्त गुरुजी काही न बोलता उठून घरात गेले आणि प्रसाद आणावा तसे तळहातावर दोन कॅप्सूल घेऊन आले. अर्धी लाल, अर्धी पिवळी. "मागच्या वर्षी दाढ काढली तेव्हाच्या उरल्या होत्या," ते म्हणाले. दाढेच्या गोळ्या घशाला कशा चालतील, असं मी विचारलं. गुरुजींनी चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला. ते म्हणाले, "दाढ आणि घसा, अंतर किती?"

पुतण्यानं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकाजी, टेन्शन नका घेऊ. माझ्याकडे डबा आहे."

डबा म्हणजे दिवाळीच्या चिवड्याचाच, गेल्या वर्षी आमच्या आईनं भरून दिलेला. चिवडा पहिल्या दोन दिवसांत खोलीवरच्या पोरांनी संपवला आणि त्या जागी गोळ्या आल्या. मी झाकण उघडलं आणि मला एकदम जगन्नाथ टेकडी आठवली. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून आमच्या पवनीत उत्खनन केलं, तेव्हा त्या टेकडीखालून दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा स्तूप बाहेर आला. एकेका थराखाली एकेक काळ. या डब्याचंही तसंच होतं. सर्वांत वर परवाचा थर, म्हणजे घसा. त्याखाली ऑगस्टमधला ताप. त्याखाली उन्हाळी परीक्षेच्या आदल्या रात्रीची हगवण. आणि अगदी तळाशी, चिवड्याच्या उरलेल्या शेंगदाण्यांसोबत, नाव पुसून गेलेली एक गुलाबी गोळी. ती कोणत्या राजवटीतली हे कुणालाच सांगता आलं नाही.

प्रत्येक पाकिटातल्या एक-दोन गोळ्या उरलेल्या होत्या. पूर्ण संपलेलं पाकीट एकही नव्हतं. पूर्ण भरलेलंही नव्हतं.

"हा डबा खोलीचा आहे," पुतण्यानं समजावलं. "माझ्या एकट्याचा नाही."

खोली म्हणजे नागपुरातली भाड्याची खोली. तिच्यात चौघं राहतात आणि गावाच्या नावानंच ओळखले जातात: पवनीवाला, लाखांदूरवाला, ब्रह्मपुरीवाला आणि नव्यानं आलेला नाशिकवाला. अभ्यासाची पुस्तकं ज्याची त्याची. गोळ्या मात्र सगळ्यांच्या. ज्याला दुखेल त्यानं डबा उघडावा, रंग पाहून घ्यावी आणि बरं वाटताच उरलेल्या परत ठेवाव्यात. सार्वजनिक वाचनालयाचा इतका आदर्श कारभार मी पाहिलेला नाही. गोळ्यांना हाका मारायची पद्धतही अशी, की वाटावं कॉलेजातलीच पोरं आहेत. अझी, अमॉक्सी, सिप्रो, ऑफ्लो, सगळी अँटिबायोटिकंच. "अझी आहे का रे?" "नाही, काल लाखांदूरवाला घेऊन गेला."

या खोलीचा डॉक्टर ब्रह्मपुरीवाला. तो इतिहासाचा विद्यार्थी, पण त्याच्या मावसभावाचा मित्र बी.फार्म.ला आहे. वैद्यकशास्त्र इतक्या जवळून वाहत असल्यावर कुणाच्याही अंगावर चार शिंतोडे उडणारच. मनसोक्त सावजी रस्सा ओरपून आल्यावर पहाटे जी धावपळ होते, तिच्यासाठी त्यानं एक पिवळी गोळी ठरवून ठेवली आहे. मीठ-साखरेचं पाणी सुचवणाऱ्याला खोलीत मान नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेलं पाणी पाजून कॉलऱ्याची असंख्य माणसं वाचवली. मी ही गोष्ट पुतण्याला रंगवून सांगितली. तो म्हणाला, "तेव्हा ऑफ्लो नसेल ना, काकाजी."

आमच्या आईचाही या कारभाराला फोनवरून पाठिंबा असतो. इथे झाडीबोलीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे बोलताना 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याचा डोरा, सकाळीची सकारी आणि गोळीची गोरी. नाशिकवाला खोलीत आला त्याच आठवड्यात पुतण्याला ताप होता आणि आईचा फोन स्पीकरवर होता. "हे पाय बाबू," ती मायेनं सांगत होती, "एक गोरी सकारी घे, एक राती घे. आन् संपल्या तं लाजू नोको, शेजारच्याले माग."

नाशिकवाल्यानं हातातला चहा खाली ठेवला. पवनीबद्दलचा त्याचा आदर तेव्हापासून वाढला आहे.

डबा रिकामा झाला की मेडिकल. आपल्याकडे औषधाच्या दुकानाला दुकान कुणी म्हणत नाही, मेडिकल म्हणतात. मेडिकलमध्ये जाऊन आलो म्हटलं की तपासून आल्यासारखंच वाटतं. नागपुरातल्या अशाच एका मेडिकलमधला संवाद पुतण्यानं मला म्हणून दाखवला. तो इतका आटोपशीर आहे, की झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनी त्यावरून काही शिकावं.

"घसा."

"तीनवाली की पाचवाली?"

"पाचवाली कितीला?"

"राहू दे, तीनवालीच घे."

निदान, उपचार आणि दरपत्रक सगळं चार वाक्यांत. डॉक्टरकडे गेलं तर आधी फी, मग एक तास बाकावर, मग 'जीभ दाखव', आणि शेवटी कदाचित गोळी न देताच घरी. महिन्याच्या पंचवीस तारखेला खिशात दोनशे रुपये असणाऱ्या पोरानं कुठे जावं, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, बी.कॉम.चं दुसरं वर्ष पुरतं.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. १९४० चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा, १९४५ चे त्याखालचे नियम, त्यांतली अनुसूची 'एच'. त्या यादीतली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि अझी, अमॉक्सी ही मंडळी त्यातलीच. तेवढ्यानं भागेना म्हणून १ मार्च २०१४ पासून 'एच-१' नावाची आणखी कडक यादी लागू झाली. ४६ औषधं. ती विकताना दुकानदारानं वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध आणि किती दिलं हे सगळं लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. आमच्या डब्यातली एक पांढरी गोळी या यादीतली निघाली. मी पुतण्याला विचारलं, "मग वहीत डॉक्टरचं नाव काय लिहिलं?"

"त्यांनी विचारलं होतं ना, 'कुणी सांगितली?' म्हणून. मी म्हटलं, ब्रह्मपुरीवाल्यानं."

"आणि?"

"लिहिलं त्यांनी."

म्हणजे कुठल्या तरी वहीत आमच्या ब्रह्मपुरीवाल्याची वैद्यकीय कारकीर्द तीन वर्षं सुरक्षित आहे. त्याची इतिहासाची एटीकेटी तेवढ्या काळात सुटली तर बरं.

२०१६ साली सरकारनं आणखी एक युक्ती केली. ज्यांना कायदा वाचता येत नाही त्यांना रेघ तरी दिसावी, म्हणून अशा गोळ्यांच्या पाकिटावरच्या लाल उभ्या रेघेचा अर्थ लोकांना सांगायची मोहीम काढली. लाल रेघ दिसली की थांबा, चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मी पाकीट उचलून पुतण्यापुढे धरलं. "ही लाल रेघ कशाची?"

"पावरची," तो म्हणाला. "रेघ नसली तर साधी गोळी. रेघवाली म्हणजे हाय पावर."

त्याचंही काय चुकलं? त्याचं सगळं शिक्षण लाल रेघेखाली झालं. उत्तरपत्रिकेत गुरुजी ज्या ओळीखाली लाल रेघ मारायचे तीच ओळ महत्त्वाची असायची.

आता जरा अभ्यासाचं बोलू, कारण ही गोष्ट मुळात विद्यार्थ्यांची आहे. सर्दी आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. विषाणूच्या सर्दीवर अझी घेणं म्हणजे घरात उंदीर झाले म्हणून डासांची अगरबत्ती लावणं. उंदीर चार दिवसांनी आपल्या पायांनी निघून जातो आणि नाव अगरबत्तीचं होतं. पुतण्या दुसऱ्या गोळीला बरा होतो, तो त्या गोळीमुळे नव्हे. त्याला तसंही बरं व्हायचंच असतं. पण त्याच्या मते गोळी लागू पडली. आणि लागू पडली म्हटल्यावर तिसरी कशाला वाया घालवायची? ती डब्यात.

या अवधीत पोटात वेगळाच कार्यक्रम चालू असतो. तिथे अब्जावधी निरुपद्रवी जिवाणू वर्षानुवर्षं भाडं न थकवता राहतात. गोळी त्यांनाही झोडपते. बरेच जातात. जे चिवट असतात ते उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पसरतात. पुढच्या वेळी तीच गोळी आली की ते ओळखतात: पेपर ओळखीचा आहे. एवढ्यावरही थांबत नाहीत. गोळीला चुकवण्याची युक्ती ज्या जनुकांत असते, ती जनुकं ते एकमेकांना चक्क देतात. आपल्या जातीच्याच नव्हे, परक्या जातीच्या जिवाणूंनाही. परीक्षेच्या हॉलमध्ये मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर चिठ्ठी सरकवावी तशी. आपल्या राज्यात कॉपीमुक्त अभियान निघतं, भरारी पथकं फिरतात. जंतूंच्या परीक्षेला पर्यवेक्षकच नाही, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून सुरू झालेला सगळा कारभार शेवटी त्यांच्या चिठ्ठ्यांवर येऊन संपतो.

विचार केला तर त्या खोलीत पाच जण राहतात. चौघं सेमिस्टरच्या आदल्या रात्री गाईड उघडणारे, आणि पाचवे हे जंतू. नियमित, होतकरू, कधी नापास न होणारे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं. इतकं मन लावून शिकणारा विद्यार्थी त्याला शंभर वर्षांत मिळाला असेल की नाही, शंका आहे.

हे माझ्या पदरचं नाही. १९२८ साली पेनिसिलिन ज्यांच्या हाती लागलं त्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच ते सांगून ठेवलंय. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्याच मनानं पेनिसिलिन विकत आणतो आणि थोडंसं घेतो. जंतू मरण्याइतकं नाही, पण त्यांना शिक्षण मिळण्याइतकं. शिक्षण हा शब्द फ्लेमिंगसाहेबांचाच. मग ते सुशिक्षित जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. दोष कुणाचा, असं विचारून साहेबांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. औषध बाजारात धड रुळलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार व्हायला लागलं ते त्यानंतर दहा वर्षांनी, १९५५ साली. म्हणजे माल येण्याआधी सूचना येऊन पडली होती. आपण माल तेवढा उतरवून घेतला.

साहेबांची गोष्ट काल्पनिक होती. पुढचा हिशेब तसा राहिला नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गानं २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. हा आकडा मी पुतण्याला सांगितला. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पण त्यात बी.कॉम.चे किती?"

मी हरलो. मग मी त्याला घेऊन शेतावर माझ्या थोरल्या भावाकडे, म्हणजे त्याच्या बापाकडे गेलो. दादा सातवी शिकलेले. धान कापणीला आलं होतं आणि बांधीच्या मधोमध गोल गोल जागा करपल्या होत्या. तुडतुडे.

"फवारलं नाही का?" मी विचारलं.

"फवारलं ना. तीन खेपा. लागू नाही पडत आता," दादा म्हणाले. "चार वर्षं एकच औषध मारलं. कधी अर्ध्या पंपाचंच मारलं, पैसे नव्हते म्हणून. जे मेले नाही त्यांचीच पैदास झाली. आता ते औषध त्यांच्यासाठी पाणीच आहे."

मी पुतण्याकडे पाहिलं. फ्लेमिंगसाहेबांचं अख्खं व्याख्यान त्याच्या बापानं चिखलात उभं राहून सात वाक्यांत दिलं होतं. पुतण्याचा चेहराही पहिल्यांदा जरा विचारी झाला. तेवढ्यात दादांनी त्याचा घसा ऐकला आणि म्हणाले, "काय रे, घसा बसला तुझा? अझी घेतली का?"

शेवटी मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी घशात टॉर्च मारला, ताप पाहिला, छाती ऐकली, मान चाचपली आणि म्हणाल्या, "व्हायरल आहे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर, भरपूर पाणी पी, ताप आला तर पॅरासिटामॉल. तीन दिवसांत उतरलं नाही, किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर परत ये. अँटिबायोटिकची गरज नाही."

बाहेर आल्यावर पुतण्याचा चेहरा लग्नात जाऊन नुसतं पाणी पिऊन आलेल्या माणसासारखा झाला होता. "काहीच नाही दिलं, काकाजी!"

"तपासलं ना."

"तपासलं, पण दिलं काहीच नाही. नवीन असतील."

घरी आल्यावर आईनंही तेच विचारलं. सुई नाही, सलाईन नाही, रेघवाली गोळी नाही, हा कसला दवाखाना? आमच्याकडे डॉक्टरची किंमत तो देतो त्यावर ठरते, तो काय वाचवतो त्यावर नाही. आणि खरं सांगायचं तर मला हे बोलायचा अधिकार नाही. त्या रात्री मी स्वतःच्या टेबलाचा खण उघडला. माझ्याही खणात तीन पाकिटं होती. एका पाकिटात चार गोळ्या, एकात दोन, एकात एक. मलाही दरवेळी डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स दिला होता आणि दरवेळी मी तिसऱ्या दिवशी बरा झालो होतो. पुतण्याला मी नेहमी ऐकवतो, कोर्स हाती घेतलास तर पुरा कर. तो माझ्यावर गेला आहे हे मला उगाच वाटत नव्हतं.

पाचव्या दिवशी त्याचा घसा गुळण्यांवरच मोकळा झाला. मी डबा आणि माझा खण दोन्ही रिकामे करायला ओसरीवर बसलो. आई आडवी आली. आमच्या घरात उरलेला भात फोडणीचा होतो, उरलेलं लुगडं गोधडीत जातं, तिथे उरलेली गोळी टाकून द्यायची? "असू दे, कामी येते," ती म्हणाली आणि नजर चुकवून मूठभर पदरात बांधून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाहिलं तर बकरीच्या खुंट्याशी काहीतरी लाल-पिवळं पडलेलं. गुरुजींची दाढेची कॅप्सूल. ओली, पण अख्खी.

"काल राती शिंकत होती ते," आई म्हणाली. "गुळात घालून देली. तं गूळ खाल्ला अन् गोरी थुकून देली."

ही बकरी पाटीवरचा हार खाते, वर्तमानपत्र खाते. पुतण्याच्या पहिल्या सेमिस्टरची गुणपत्रिका तिनंच खाल्ली, असं निदान तो सांगतो. कशालाही नाही म्हटल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. मी तिच्याजवळ गेलो, तिच्या कपाळावर हात ठेवला. शिंक थांबली होती. आमच्या घरात डॉक्टरनं सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक न घेणारं एक तरी आहे, हे पाहून बरं वाटलं.